एक वीत

काठी तिसऱ्यांदाही वरच थांबली. चिंधूच्या खांद्यापासून चांगली हातभर वर.

“तुलारामभाऊ, भावाले मारून राहिले का चिंचा झोडपून राहिले?” दिग्दर्शक भुपेंद्र खुर्चीतून म्हणाला. शाळेच्या ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. तुलाराम हसला नाही. त्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा पँटला पुसला.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आठ दिवसांवर आली होती. आसगावात दोन वर्षांनी दोन्ही मोहल्ल्यांचं मिळून नाटक बसत होतं. दुसऱ्या अंकात थोरला भाऊ धाकट्याला काठीने मारतो. थोरला तुलाराम, धाकटा चिंधू. दोन वर्षांपूर्वी नहराच्या पाण्यावरून या दोन मोहल्ल्यांत भांडण झालं, तेव्हा तुलारामच्या काठीने चिंधूच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तरी धाकट्याची भूमिका चिंधूने स्वतः मागून घेतली होती.

चिंधूची मुलगी तृप्ती वही धरून खांबाशी उभी होती. प्रॉम्प्टिंग तिच्याकडे होतं. निघताना आई म्हणाली होती, “बापाले काठी लागली तं वही तिथंच फेक अन् त्याले घरी घेऊन ये.” तृप्तीला पान पाठ होतं. ती वहीत पाहत नव्हती, काठीच्या टोकाकडे पाहत होती.

“जमत नसन तं सीन काढून टाकू,” भुपेंद्र म्हणाला.

“मंग नाटकच काढून टाका,” चिंधू म्हणाला.

तो तालमीसाठी मांडलेल्या लाकडी फळ्यांवर एक गुडघा टेकून बसला होता, तसाच तुलारामकडे वळला. अंगठा आणि करंगळी ताणून त्याने खांद्यावर माप धरलं. “इथं थांबव. एक वीत. आवाज मी काढतो.” त्याने टाच फळीवर आपटली. आवाज इतका मोठा झाला की तुलाराम दचकून मागे सरला. “आवाज झाला का काठी खाली टाकायची. त्याच्या आधी नाही.”

“अन् हात घसरला तं?” तुलारामने हळूच विचारलं.

“मागच्या टायमाले घसरला होता का?”

ओट्यावरचं हसणं थांबलं. भुपेंद्रने मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. तुलाराम काठीच्या पेरांकडे पाहत राहिला.

“नाही,” तो म्हणाला.

“मंग आज बी घसरणार नाही. उचल.”

तृप्तीने वाक्य दिलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. “घराचे दोन तुकडे करतोस?” तुलाराम मागोमाग ओरडला. काठी सणकन आली आणि थांबली. एक वीत. कदाचित बोटभर कमीच.

टाच फळीवर पडली नाही.

तृप्ती मोजत होती. चार. पाच. सहा. काठीचं टोक थरथरू लागलं. तुलारामच्या मनगटावरची शीर फुगली, कानामागून घाम उतरला.

“पाय आपट ना, चिंधू,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “हात भरून आला.”

चिंधूने मान वर केली. डोळे न मिटता तो काठीच्या टोकाकडे पाहत होता.

“धर,” तो म्हणाला. “अजून थोडा वेळ धर.”