लाल पेन

माझी बायको एस्तेर अचानक गेल्याचं मला दवाखान्यात सांगितलं, तो महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळीच चर्चमध्ये महिन्यातून एकदाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर समोर आली, तेव्हा तिनं ती घेतली नव्हती. मी कोपरानं ढोसलं.

"पुढच्या महिन्यात घेईन," ती कुजबुजली. "आधी तेजलची माफी मागायचीय."

शुक्रवारी शाळेत, ती शिकवायची त्या चौथीच्या वर्गात, तिनं तेजलला चोर म्हणून उभं केलं होतं. हरवलेलं लाल पेन आमच्या घरी एस्तेरच्याच बायबलमध्ये निघालं, वचनाच्या पानावर खूण म्हणून ठेवलेलं.

"पोरीला बाजूला घेऊन सांग की," मी म्हणालो होतो.

"चोर सगळ्यांसमोर म्हटलं ना? मग माफीही सगळ्यांसमोर."

दफनानंतर आठवड्यानं मी ते पेन घेऊन शाळेत गेलो. मला बोलता येत नाही फारसं. फळ्याजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "पेन बाईंकडंच होतं. तेजल, बाई सोमवारी तुझी माफी मागणार होत्या. त्यांना माफ कर."

तेजल हुंदके देऊ लागली. "काका, मी मनात म्हटलं होतं, बाई मरू देत."

"आम्ही पण म्हणायचो," मागून कुणी तरी बोललं. "पाढ्यांच्या वेळी."

"मीही म्हणायचो, भांडण झालं की," मी म्हणालो. "तेवढ्यानं कुणी मरत नाही, बाळा."

तिनं नाक पुसलं. "केलं माफ," म्हणाली आणि पेन मागून घेतलं.

माफी मागून झाली. त्या रविवारची भाकर मात्र एस्तेरची राहूनच गेली.