आबांचा कॅन

बाळाची टाळू. हिंगाची डबी. नवऱ्याचं संध्याकाळचं तोंड. दोरीवरचा दमट युनिफॉर्म. हे सगळं हुंगून शालनचं नाक तयार झालं होतं, म्हणून तर दूध संघाने तिला संकलन केंद्रावर घेतलं. कॅनचं झाकण उघडायचं, आतल्या बाजूने हुंगायचं आणि आंबूस वास आला की दूध परत करायचं, एवढंच काम.

आज तिच्या हातातलं झाकण चेअरमन आबांच्या गोठ्यातून आलेल्या कॅनचं होतं.

"नासलंय," ती म्हणाली.

"आबांचं हाय ते," सेक्रेटरी हसले. "शालनताई, नाक जरा कमी चालवा. तुम्हाला कायम केल्याचं पत्र माझ्या खिशात हाय. देऊ का फाडू?"

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. शालनची कानशिलं तापली. तिने त्याच कॅनमधून पेला भरला आणि सेक्रेटरींच्या पुढे धरला.

"मग प्या की. आबांचं हाय."

सगळे बघत होते. सेक्रेटरींनी पेला ओठांपाशी नेला, आणि प्यायच्या आधी हुंगला. तोंड वाकडं करून त्यांनी तो खाली ठेवला.

"तुमच्या नाकाला कळतंय, आन् माझ्या नाकानं गप बसायचं व्हय?"

तिने कॅन आडवा केला. चाळीस लिटर दूध गटारात गेलं. पाठोपाठ सेक्रेटरींनी फाडलेल्या पत्राचे तुकडे पडले.

गेल्या महिन्यात तिने सख्ख्या आईचं नासलेलं दूध परत पाठवलं होतं.