परीक्षेला लागणारं माणूस

"नोकरीची हमी नाही, हे आधीच सांगते," मी समोरच्या मुलीला म्हणाले. ब्यूटी पार्लरच्या कोर्सची चौकशी करायला कोणी आलं, की प्रवेशाआधी सगळे नियम सांगायचे, हे माझं काम. सकाळपासून बोलून घसा बसला होता. "दिवसभर उभं राहावं लागतं. केमिकलनं हाताची सालं निघतात. कोर्स मधेच सोडलास तर फी परत मिळत नाही."

बहुतेक मुली सालांपाशीच उठतात आणि मालकीणबाई माझ्यावर चिडतात. ही बसून राहिली. "अजून काय?"

"परीक्षेत आयब्रो करून दाखवायच्या. त्यासाठी माणूस आपलं आपण आणायचं. आई, बहीण, मैत्रीण, कोणीही. माणूस नाही तर परीक्षा नाही."

तिचा चेहरा उतरला. "मी किनवटची, मॅडम. इथं नांदेडात मला कोण ओळखतंय? आणि आमच्या घरच्या बायका भुवयांना हात लावू देत नाहीत." पिशवी घेऊन ती उठली. चला, आज वेळेवर जेवता तरी येईल, म्हणून मी डबा उघडला.

दारातून तिनं वळून मला निरखून पाहिलं. "मॅडम, रागावू नका. तुमची डावी भुवई अर्धीच कशी?"

"मागच्या परीक्षेला दोघींना कोणी मिळालं नाही. एकीला उजवी दिली, एकीला डावी. उजवीवाली पास झाली."

ती हसली नाही. परत येऊन खुर्चीत बसली.

मी डबा बंद केला. "तुझी परीक्षा मार्चमध्ये आहे," मी म्हणाले. "तोवर वाढेल."