एकेचाळिसावी पायरी

“चार लाख सतरा हजार!” रमाकांत गॅलरीतून ओरडला आणि चिंचपोकळीच्या त्या तीन मजली चाळीत सकाळी साडेनऊला टाळ्या पडल्या. शेजारच्या चंपाने तर तव्यावरची पोळी तशीच सोडून टाळ्या वाजवल्या. पोळी करपली. पण क्रांती म्हटली की काहीतरी करपायचंच.

क्रांती पायरीची होती. चाळीच्या लाकडी जिन्याची, तळापासून मोजली तर एकेचाळिसावी पायरी आठ महिन्यांपूर्वी मोडून पडली. धडधाकट माणसं तेवढी जागा ओलांडून जात. तिसऱ्या मजल्यावरची गंगुबाई, म्हणजे रमाकांतची आई, एक्याऐंशीची. तिला ते जमेना. आठ महिने ती खाली उतरली नव्हती. तिचं मागणं एकच होतं : बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने बोंबील निवडायचे. “सून आणता ते बोंबील न्हय,” ती म्हणे, “ती जन्मठेप.”

रमाकांतने चाळीच्या मालकाला अकरा अर्ज केले. जिना मालकाचा, तेव्हा पायरी मालकानेच बसवायची, हे त्याचं तत्त्व होतं. पायरी मोडली तरी तत्त्व मोडलं नव्हतं. शेवटी त्याच्या मुलीने, अनुजाने, पाच दिवसांपूर्वी व्हिडिओ काढला आणि बाबांच्या खात्यावरून सोडला. जिन्यातलं भगदाड, कडेला अनुजाची लाल चप्पल, वर दारात बसलेली आजी आणि खाली मोठ्या अक्षरांत : ‘आठ महिने कैद’.

त्या दिवसापासून रमाकांत व्हिडिओ पाहणाऱ्यांचा आकडा मोजत जेवायलाही फोन घेऊन बसू लागला. दुबईहून रडके चेहरे आले. नागपूरहून कुणी कविता पाठवली. नऊ हजार कमेंट! “आलेल्या माणसाला पाणी विचारतो ना आपण? मग उत्तरही प्रत्येकाला द्यायचं,” असं त्याने व्हिडिओ सोडतानाच जाहीर केलं होतं. तेव्हाच अनुजाने त्याला एकदाच मजकूर लिहून तो सगळीकडे चिकटवायला शिकवलं. रमाकांतने इतका चिकटवला की रात्री अंगठ्याला बाम लावावा लागला.

आणि आज अकरा वाजता चॅनल येणार होतं! दुसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र भगदाडाभोवती लाल फीत बांधून गेला. कुणाचे पाय लागून लोंबणाऱ्या ढलप्या पडू नयेत म्हणून सक्त ताकीद दिली गेली. चाळीतले सगळे फोन चार्जिंगला लागले. फक्त गंगुबाई ऐकेना. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसली होती.

“आई, ते जुनं नेस ना. जरा कैदी वाटायला हवीस!”

“कैद्याक भेटूक लोक येतत तेव्हा कैदी बरा नेसता,” गंगुबाई म्हणाली.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. ठक. ठक. ठक.

रमाकांत धावला. तळमजल्यावरचा लवू लाल फीत बाजूला सारून भगदाडात नवी फळी ठोकत होता. लवू गिरणीतला सुतार. साच्यांच्या खडखडाटात त्याचे कान गेले ते गेलेच. त्याच्याशी ओरडून बोलायला चाळ कंटाळली होती, त्यामुळे कित्येक वर्षांत त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, पायरी मोडल्याचंही नाही.

“लवूदादा, थांबा! अकराला चॅनल येतंय!”

ठक.

“अहो, दोन तास! फक्त दोन तास थांबा!”

ठक. शेवटचा खिळा बसला. लवूने फळीवर दोन्ही पाय ठेवून एक उडी मारली, गुडघा धरून “आई गं” म्हटलं आणि तो बाजूला झाला.

वरून गंगुबाई आली. हातात पिशवी. नव्या फळीवर तिने आधी अंगठा टेकवला, मग टाच.

“रमाकांता, सर बाजूक. बाजार उठतलो.”

आणि ती उतरली! कुणी चार्जिंगचा फोन ओढून आणेपर्यंत हिरवं लुगडं पहिल्या मजल्याचं वळण घेऊन दिसेनासं झालं होतं. खालून तिचा आवाज मात्र आला. कुणाला तरी ती ओरडून सांगत होती, “मरूक नाय मी! बोंबील हाडूक चल्लंय!”

रमाकांतला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. आठ महिने आणि अकरा अर्ज एका बाजूला, पाच खिळे दुसऱ्या बाजूला. त्याला रागही आला. त्याने फोनवर भल्यामोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि लवूच्या नाकासमोर धरलं : ‘तुमच्याकडे फळी होती, तर आधी सांगितलं का नाही?’

लवूने चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं.

“सांगलंय की रे. वाट बघलंय पाच दिवस. गुडघो एकदाच जिनो चढूक देता, म्हणान माप आधी होया होता. तू काय कळवूक नाय. शेवटाक व्हिडिओतल्या पोरीच्या चपलेवरना अंदाज केलंय.”

“कुठे सांगितलंत?” रमाकांत ओरडला.

प्रश्न तोंडावरूनच ओळखून लवूने स्वतःचा फोन काढला आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. दुबई गेली, कविता गेली, हजारो जोडलेले हात सरकत गेले. पार तळाशी, व्हिडिओवरची सगळ्यात पहिली कमेंट आली.

‘मी लवू, खोली तीन, तळमजला. सागाची फळी घरात आहे. लांबी-रुंदी कळव, उद्याच पायरी बसवतो.’

त्याखाली, तीनच मिनिटांनी दिलेलं उत्तर होतं :

‘आपल्या भावना पोहोचल्या. असाच पाठिंबा राहू द्या. आपला, रमाकांत.’