गिटार सोडण्याची अट

चर्चच्या पहिल्या बाकाची कड एकाच जागी बोटभर झिजली आहे. बाप्तिस्मा मागायला ओथा पेटिग्रू दर रविवारी तिथे बसायचा आणि पाळक नऊ वर्षं एकच सांगायचे, “आधी गुत्त्यात ब्लूज वाजवणं बंद कर. सोड ती सैतानाची गिटार!” मागून आम्ही सगळे जोरात “आमेन!” म्हणायचो.

या रविवारी ओथा उभा राहिला. “सोडली, पाळकसाहेब. आता फक्त देवाची गाणी.”

एकही आमेन आला नाही.

“अगं, मग शनिवारी गुत्त्यात नाचायचं कशावर?” चर्चचे पंच एझ्राकाका बायकोच्या कानात पुटपुटले, पण ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

पाळक खाकरले.



“ओथाभाऊ, बाप्तिस्मा आजच उरकू. गिटार मात्र सोडायची नाही.”