अकरावी प्रत

"इथं उघडू नका, मास्तर," कासिल्दाबाई म्हणाल्या. "उघडायचंच असेल तर मला पाठ फिरवू द्या."

अबुंदिओ लांदेरोस हसले. "पस्तीस वर्षं फडताळात पडलेल्या पाकिटाची कसली भीती, बाई?"

"भीती कसली! बाबांनी मरताना सांगितलं होतं, कुणी मागायला आलं तर देऊन टाक, पण तू बघू नकोस. आणि बाबा थट्टा करणारे नव्हते. स्वतःच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते."

बाई खरंच पाठमोऱ्या झाल्या. अबुंदिओंनी सुतळी सोडली.

सांता मारिया वस्तीतल्या या छापखान्यात अजून दगडावरच छपाई चाले. एलोईसा तामारिस या चित्रकर्तीनं सत्तावन्न साली इथं एकच चित्र केलं होतं. त्याच्या वीस प्रती. अबुंदिओंनी त्यातल्या एकोणीस मिळवल्या होत्या. कुठली रविवारच्या जुन्या बाजारातून, कुठली एका दंतवैद्याच्या विधवेकडून. फक्त अकरा नंबरची राहिली होती. संग्रहालयाची अट साफ होती: संच पुरा असेल तरच घेऊ, आणि दालनाला तुमच्या पत्नीचं नाव देऊ. मुदत उद्यापर्यंत.

"एलोईसाबाईंचं काही उरलंय का?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं होतं. संग्राहक जास्त बोलला की भाव चढतो.

कागद उलगडला. काळ्या रंगाचे थर, त्यात एक गंजासारखा तांबडा डाग; आकार असा कशाचाच नाही. आणि सगळ्याला चिरत गेलेल्या दोन पांढऱ्या रेषा. उजवीकडे कललेल्या, जवळ येऊनही न भेटलेल्या, खाली दोघींनाही गळासारखा बारीकसा आकडा. या रेषांवर अबुंदिओंनी चाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती. किलकिलं दार, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. चित्राचा प्राण.

त्यांच्या पत्नीला, सोकोरोला मात्र ते कधी आवडलं नाही. "दार कसलं? आतून कुणीतरी ओरबाडतंय," ती म्हणायची. "माझ्या उशाशी लावशील तर मी आईकडे जाईन." आता ती नव्हती. दालन तिच्या नावाचं होईल आणि चित्रंही एकदाची घराबाहेर जातील, म्हणजे तिचं दोन्हीकडून समाधान.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. खालच्या कडेला पेन्सिलीनं ११/२० आणि सही. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेला हा माणूस शब्दावर विश्वास ठेवत नसे. एलोईसाची तेवीस पत्रं मिळवून त्यांनी प्रत्येक सही त्यांच्याशी ताडली होती. पेन्सिल कुठे दाबली जाते, कुठे उचलली जाते, शेवटच्या अक्षराची शेपटी कुठे थरथरते. एकोणीसच्या एकोणीस सह्या तिच्याच हातच्या निघाल्या होत्या. ही विसावीही.

"झालं का?" बाईंनी विचारलं. "का चुंबन घेताय तिचं?"

"झालं, झालं." त्यांनी पाकीट पुन्हा बांधलं.

"मग बसा. दालचिनीची कॉफी उकळलीय. मला तेवढा एक दगड मारायचाय."

दगड मारणं अबुंदिओंना ठाऊक होतं. ठरल्या तेवढ्या प्रती निघाल्या की दगडावरचं चित्र खरवडून निकामी करतात, म्हणजे पुढे कुणी चोरून छापत नाही. "किती प्रती निघाल्या याच्या?"

"एकही नाही. याचा चित्रकार चित्र काढून गेला आणि रविवारी वारला बिचारा. टोपी अजून खुंटीवर आहे. चित्रकार गेला की त्याच दिवशी दगड मारायचा, असा बाबांचा नियम. मला दोन दिवस उशीर झाला." बाईंनी सहीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "काल सकाळी तिथल्या पेन्सिलींना टोकं काढलेली होती. आजही. मास्तर, तुम्ही शास्त्र शिकलेले. उंदीर टोकं काढतात का?"

"विसराळूपणा काढतो," अबुंदिओ म्हणाले. "वय झालं तुमचं."

"आणि तुम्ही काय कालचे?" बाईंनी लोखंडी खरवडणी उचलली.

"फुली मारणार?"

"फुली थडग्यावर. दगड घासून पुन्हा वापरायचा असतो, तो उठणार असतो. त्याच्यावर क्रूस नको." त्यांनी वरून खाली दोन रेघा ओढल्या, डावीकडे कललेल्या. अबुंदिओंचं लक्ष नव्हतं. ते उद्याच्या दालनात चौकटी लावत होते.

बाईंनी दगड ओला केला, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला आणि यंत्राचं चाक ओढलं. "ही साक्षीची प्रत. दगड मेला याचा पुरावा. हिच्यावर सही नसते."

त्यांनी कागद उचलून उलटा केला. दगडावरचं डावं आता उजवं झालं होतं. काळ्या चित्रातून दोन पांढऱ्या रेषा उजवीकडे कलत गेल्या होत्या. जवळ येऊनही न भेटलेल्या. आणि खाली, बाईंनी हात उचलताना मनगट वळवलं होतं तिथे, दोघींनाही गळासारखा बारीकसा आकडा.

अबुंदिओंच्या हातातला कप खाली आला.

"ही पद्धत... सगळीकडची?"

"छे. बाबांची. या छापखान्याबाहेर कुणाला माहीत नाही."

"एलोईसा तामारिसचा दगड," त्यांनी पाकिटावर तळवा दाबून धरला, "तो किती प्रतींनंतर मारला?"

"प्रती कुठल्या, मास्तर?" बाई शाईचे हात पुसत म्हणाल्या. "चित्र काढून बाहेर पडली ती कोपऱ्यावर ट्रामखाली गेली. बाबांनी दगड मारला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. ती रात्र आणि पुढचीही रात्र ते इथंच बसून होते, आणि तिच्यासाठी मोजून ठेवलेले वीस कोरे कागद दगड मारल्यावरही तसेच त्या टेबलावर होते, पेन्सिलीशेजारी."