गोधडी

मांजरीने तिसऱ्यांदा दुधाचं पातेलं लवंडलं, तेव्हा साईनाथचं डोकं फिरलं. पेंढ्यात झोपलेली ती काळ्या-तांबड्या चट्ट्यांची बया त्याने तोंडही न बघता उचलली, पोत्यात घातली आणि कळंबच्या पुढे, पूल ओलांडून सोडून आला. जाताना पोत्यातलं म्यावम्याव ऐकून गावातली दोघं-तिघं हसलीही.

घरी येऊन बघतो तर त्याची मांजर उंबऱ्यावर बसून निवांत तोंड पुसतेय! पोत्यातून गेली ती शेजारच्या भागूआजीची मांजर, गोधडी होती. दोघी एकाच वेतातल्या बहिणी, अंगावरचे चट्टेही तसेच.

दोन दिवस म्हातारी दुधाची वाटी वाजवत पोशीर गावभर "गोधडे, ये गं" करत फिरली, आणि इकडे साईनाथच्या घशाखाली घास उतरेना. कळंबला दोन खेपा मारूनही गोधडी काही सापडली नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी त्याने आपलीच मांजर काखोटीला मारली आणि आजीची ओटी गाठली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला काय कळणार चट्ट्यांतला फरक?

"आजी, ही घे तुजी गोधडी. बांधावर सापडली."

आजीने मांजर मांडीवर घेतली, तिचं तोंड अगदी डोळ्यांजवळ आणून पाहिलं आणि मग बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.



"माजीचं अर्धं तोंड तांबडं होतं रं," ती म्हणाली. "पन ऱ्हाऊ दे हिला हितंच. परत नेलीस तर हिला पन पोत्यात घालशील."